दोरीचं दुसरं टोक

भिलाईपासून समुद्र किती लांब आहे ते मला सांगता येणार नाही, कारण मी तो अजून पाहिलेला नाही. तरीही समुद्रातला मासा धरायची काठी मागायला माझ्या खुर्सीपारच्या दुकानात आजवर सात-आठ माणसं येऊन गेली. टुना म्हणतात त्या माशाला. कोकणात कुपा म्हणतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं. सगळ्यांचं मागणं एकच असतं. काठी टुनाला चालावी, इथल्या रोहू-कतल्यालाही चालावी आणि स्वस्त असावी. म्हणजे एकाच सुनेने नोकरीही करावी, शेतीही सांभाळावी आणि माहेरी तर जाऊच नये. मी हसतो आणि काठ्या काढून दाखवतो. हसू येतं तोवर ठीक असतं.

मी जन्माचा दुकानदार नव्हे. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये रिगर होतो. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधणारा माणूस. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसलेला असतो आणि खाली इतका आवाज असतो की ओरडून उपयोग नाही. म्हणून सगळं हातांवर चालतं. बोट वर करून हात गोल फिरवला की ओझं उचलायचं. बोट जमिनीकडे करून फिरवला की खाली सोडायचं, त्याला आम्ही लोअर म्हणायचो. दोन्ही हात आडवे पसरून हलवले की स्टॉप. क्रेनवाल्याने सिग्नल फक्त एकाच माणसाचा घ्यायचा, हा पहिला नियम. दहाजण खालून हात हलवू लागले तर कोणाचं ऐकणार? पण स्टॉप मात्र कोणाचाही पाळायचा. झाडूवाल्याने दिला तरी.

गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडली आणि दुकान टाकलं. मासे धरायचा नाद आमच्या घरात गोंदियाकडून आलेला. बाप सुट्टीच्या दिवशी मरोद्याच्या तलावावर बसायचा, मीही बसायचो. तेव्हा वाटलं, दोरी-गाठींचं काम जन्मभर केलं, हेही त्यातलंच. ते त्यातलं नव्हतं, हे कळायला एक जीव जावा लागला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सेक्टरमधले, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतले, एक साहेब महागाची कार्बनची काठी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी टोक मोडलेली घेऊन परत आले. बैठकीच्या खोलीत सराव करताना टोक छताच्या पंख्यात गेलं होतं. मला म्हणाले, माल कच्चा आहे. उतईची एक बाई गळ घ्यायला येते. प्रत्येक गळाचं टोक ती अंगठ्याच्या नखावर टेकवते. रुतलं तर ठेवते, घसरलं तर माझ्याकडे ढकलते. तिला मी माल विकत नाही, परीक्षा देतो.

माझीही परीक्षा घ्यायची एक रीत आहे. काठी हातात घेऊन हवेत हलवली तर काही कळत नाही. सगळ्या काठ्या हवेत छानच वाटतात. म्हणून गिऱ्हाइकाला मी दुकानाच्या पायरीवर काठी धरून उभं करतो. दोरीचं टोक एका लाकडी गट्टूला गुंडाळतो, गट्टू मुठीत धरतो आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या मोकळ्या जागेत जातो. तिथे एक बंद पडलेला हँडपंप आहे आणि त्याच्या मागे रेल्वेची भिंत. गिऱ्हाइकाकडे तोंड करून मी ओढतो. रोहूसारखा झटके देऊन, कतल्यासारखा जड होऊन, पढिन्यासारखा एकदम बाजूला पळून. थोडक्यात, मी मासा होतो. आजूबाजूची माणसं सरावलेली आहेत. दोरी दिसली की वाकून जातात. दोरीच्या त्या टोकाला उभं राहिलं की गिऱ्हाइकाच्या हातातलं सगळं कळतं. घाई, भीती, घरचं भांडणसुद्धा.

आता टुनाच्या काठीचं थोडं सांगतो. टुना भांडकुदळ नाही, पण ताकदीचा. गळ लागला की सरळ खोल जातो आणि थांबत नाही. त्याला काठी आखूड लागते, साडेसहा फुटांच्या आत-बाहेर, बुडाशी जाड आणि टोकाशी थोडी नरम. कार्बनची काठी हलकी, पण महाग आणि एक चरा पडला की मोडणारी. फायबरग्लासची जड, पण मार खाणारी आणि परवडणारी. ज्याला दोन्हीकडे वापरायची त्याने मुकाट फायबरग्लास घ्यावी. तलावावर हात दुखेल, समुद्रात काठी टिकेल. सगळ्यात महत्त्वाचा रीलचा ब्रेक. दोरीवर ठरावीक ताण आला की तो आपणहून दोरी सोडतो. मासा पळतो, दमतो, मग ओढायचा. आणि शेवटी दोरी अशी हवी की वेळ आली तर तुटेल. मासेमारीत सोडणं हीच अर्धी विद्या आहे.

रिगरला हे पटत नाही. आमच्यात सुटलं म्हणजे खाली कोणीतरी मेलं.

प्रशांत दुकानात आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दुधराम कापगते यांचा एकुलता एक. कापगते माझे क्रेनवाले. वीस-बावीस वर्षं ते वर आणि मी खाली. त्यांनी माझ्याशिवाय कोणाचा सिग्नल घेतला नाही, मी त्यांच्याशिवाय कोणाच्या हुकाखाली निवांत उभा राहिलो नाही. सेक्टरमध्ये त्यांचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. प्रशांत लहान असताना ते गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे आणि हे पोरगं अंगणात उभं राहून सिग्नल द्यायचं. वर, खाली, स्टॉप. ते डावखुरं होतं. सगळे सिग्नल डाव्या हाताने. आम्ही हसायचो.

तो विशाखापट्टणमला बंदरात कंत्राटावर वेल्डर म्हणून लागला होता. सुट्टीवर आला होता.

"काका, वहाँ दोस्त लोग संडे को बोट लेके जाते हैं. टुना लागते म्हणतात. एक काठी बनवून द्या ना. महागाची नको. इधर आऊंगा तो मरोदा पे भी चले, ऐसी."

मी त्याला फायबरग्लासची दिली. जाड बुडाची, दोरी ओवायच्या चांगल्या कड्यांची. वर विणलेली पक्की दोरी भरली, कारण माझ्या हाताने कच्ची दोरी भरवेना. ब्रेकही घट्ट आवळला. मग तो म्हणाला, "और काठीच खींच के ले गया तो?"

या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले, आणि मोठ्या खुशीने घालवले. प्लांटमध्ये उंचीवर चढताना कमरेला पट्टा असतो आणि पट्ट्याची दोरी कशाला तरी अडकवलेली असते. त्या पट्ट्याने मला दोनदा वाचवलं आहे. तसाच पट्टा मी प्रशांतला दिला. काठीच्या बुडाला लोखंडी कडी बसवली आणि कडीपासून पट्ट्यापर्यंत हातभर नायलॉनची दोरी. तिची दोन्ही टोकं पीळ उलगडून पुन्हा एकमेकांत विणून पक्की केली. तो फास सुटत नाही, कापावा लागतो. असं काम आता कोणाला येत नाही, हेही मी त्याला दोनदा सांगितलं.

मग मी मासा झालो. रस्त्यापलीकडे जाऊन जीव खाऊन ओढलं. प्रशांत पट्ट्यासकट तीन पावलं पुढे ओढला गेला आणि मोठ्याने हसला. हसता हसता त्याने डावा हात खाली केला, बोट जमिनीकडे, हात गोल. लोअर. सोडा काका आता. मी सोडलं.

पाच महिन्यांनी एका रविवारी बोट परत आली, प्रशांत आला नाही. शरीर मिळालं नाही. मी रिसालीला कापगत्यांच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे घर बांधलं होतं. वहिनी आतल्या खोलीत होत्या. कापगत्यांनी मला चहा दिला. काठीचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पण मला बातमी ऐकताच कळलं होतं. प्लांटमध्ये पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक इमारतीला असतं. समुद्रात ते माशाला होतं. काठी जायची भीती असेल तर ती बोटीला बांधतात, माणसाला नाही. समुद्रकाठचं शेंबडं पोरही हे सांगेल. खुर्सीपारात सांगणारा कोणी नव्हता, आणि मला तर विचारायचीही गरज वाटली नाही. माझं काम पक्कं होतं ना!

त्यानंतर दोन वर्षं मी कापगत्यांना टाळलं. बाजारात ते दिसले की गल्ली बदलायचो. मग मे महिन्यात एका दुपारी ते स्वतःच दुकानात आले. दोनच्या शिफ्टची माणसं निघून गेली होती, रस्ता ओस होता. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. ते पायरीवर उभे राहिले. वाळले होते, पण मान अजून तशीच, केबिनमधून खाली पाहत असल्यासारखी.

"शेंडे," ते म्हणाले, "टुनाची काठी पाहिजे."

मी म्हटलं, "कापगतेभाऊ, तुमाले कावून पाहिजे? तुमी तं तलावावरही जात नाई."

"आता जाईन. तिकडंही जाईन. दोन्हीकडं चालली पाहिजे. अना स्वस्त पाहिजे." मग म्हणाले, "पोट्ट्याले देल्ली होतीस तशीच."

मी काठी काढली, रील लावलं. कमरेच्या दोरीचं मी काही बोललो नाही. त्यांनीच विचारलं.

"पट्टा?"

"पट्ट्याचं काय काम आहे, भाऊ?"

"त्याले देल्ला होतास ना."

नाही म्हणालो असतो तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी आतून जुना पट्टा आणला, त्यांच्या कमरेला बांधला आणि काठीची दोरी साध्या सुटणाऱ्या गाठीने अडकवली. एक टोक ओढलं की मोकळी. त्यांनी न पाहता नुसती बोटं फिरवली.

"ही नोहे. ती बांध."

मी खाली बसलो आणि ती बांधली. पीळ उलगडले, विणले, आवळले. पाऊण तास लागला असेल. तेवढा वेळ ते हलले नाहीत. माझ्या डोक्यावरून ते रस्त्यापलीकडे पाहत होते.

मग म्हणाले, "आता वढ."

गट्टू घेऊन मी रस्ता ओलांडला. हँडपंपाच्या अलीकडे दहा पावलांवर उभा राहिलो आणि हळूच ओढलं. ते म्हणाले, "असं नाई. टुनावानी." मी जोर लावला. काठी वाकली, पट्टा ताणला गेला आणि ते पायरीवरून खाली उतरले. मला वाटलं पुरे झालं. पण त्यांचा चेहरा बदलला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्याच्या थोडं वर, मागे, पाहत होते. ही नजर मी ओळखतो. बावीस वर्षं ती माझ्यावर होती. क्रेनवाला सिग्नल घेतो तेव्हा त्याचे डोळे असे होतात.

आणि आता ते माझा सिग्नल घेत नव्हते.

मी मूठ उघडली. गट्टू सोडून दिला.

गट्टू पडला नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार? उन्हाने डोकं फिरलं म्हणतील. फिरलंही असेल. पण दोरी माझ्या कानाजवळून मागे गेलेली होती, ताठ, आणि तिचा बारीक आवाज येत होता, ताणलेल्या दोरीचा येतो तसा. समोर काठी वाकलेलीच होती. कापगते एकेक पाऊल पुढे येत होते, पट्टा ओढेल तसे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती. उलट फार दिवसांनी कोणी ओळखीचं भेटावं तसं काहीतरी होतं. ते रस्त्यावर उतरले. डावीकडून भट्टीच्या मळीचा ट्रक येत होता, हॉर्न मारत होता. त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही. ओरडून उपयोग नव्हता, हे हातांना माझ्याआधी कळलं. मी दोन्ही हात आडवे पसरले आणि जोरात हलवले. स्टॉप.

कापगते थांबले. जागच्या जागी. ट्रकवाल्यानेही ब्रेक मारला. त्याला सिग्नल कळला की म्हातारा दिसला, कोण जाणे. तो शिव्या देत बाजूने निघून गेला. धूळ बसली तेव्हा दोरी रस्त्यावर सैल पडलेली होती. मग मी मागे पाहिलं. भिंत होती, हँडपंप होता. गट्टू हँडपंपाच्या बुडाशी पडला होता, माझ्यापासून दहा पावलं मागे. तो कशाला अडकलेला नव्हता. मी दोनदा पाहिलं.

कापगत्यांना मी धरून पायरीवर बसवलं, पाणी दिलं. सुरीने कमरेची दोरी कापली. मग माझ्याने राहवेना.

"भाऊ, ते दोरी म्या बांधली होती. माह्यामुळं गेला तो."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "बोटवाल्यानं तेव्हाच सांगलं. काठी गेली अना मांगं पोट्टा गेला म्हणे. सुरी काढेपर्यंत गेला."

"मंग दोन वर्षं काही बोलले कावून नाई?"

"तुले दोष द्याले नोहो आलो मी. मले फक्त पाहाचं होतं, ते वढते कसं." ते पाणी प्याले. "तो होता ना तुह्या मांगं. डावा हात खाली करून राहिला होता. लोअर देऊन राहिला होता. मी चाललोच होतो त्याच्याकडं."

मी रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला. तेच पुढे बोलले.

"सिग्नल एकाचाच घ्याचा, शेंडे. पण स्टॉप कोनाचाही पाळा लागते. आपण नोकरीभर पाळला." मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "त्याले तिथं कोनं स्टॉप नाई देल्ला."

आम्ही दोघं म्हातारे त्या पायरीवर बसून रडलो. चारच्या सुमारास एक गिऱ्हाईक आलं, आम्हाला पाहून परत गेलं. गेलं तर गेलं.

त्या दिवसापासून मी कोणाला पक्कं काम देत नाही. कोणतीही काठी घ्या, गळाच्या आधी हातभर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, मी बारीक लावतो, सगळ्यात आधी तुटणारी. ब्रेक सैल ठेवतो आणि समोर उभं राहून दोरी सोडायला शिकवतो. समुद्रावर जाणाऱ्याला मी नुसती काठी देत नाही. काठी बोटीला बांधीन, स्वतःला नाही, असं आधी तोंडाने म्हणवून घेतो. लोक कुरकुरतात. सेक्टरवाले साहेब म्हणाले, शेंडे, तुमच्या दोरीने माझा चांगला कतला गेला. मी म्हटलं, साहेब, जाऊ द्या त्याला. उतईची बाई मात्र वेगळी. तिने ती बारीक दोरी दोन बोटांत धरून ओढून पाहिली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठेवून घेतली.

कापगते विशाखापट्टणमला गेले नाहीत. ती फायबरग्लासची काठी दुकानातच एका कोपऱ्यात उभी आहे. ती विकायची नाही, हे मी ठरवलेलं नाही, पण विकली जात नाही. महिन्यातून एखादवेळी दुपारी ते रिसालीहून येतात. सरळ कोपऱ्यातली काठी घेतात आणि पायरीवर उभे राहतात. कमरेला काही बांधलेलं नसतं. मी गट्टू घेऊन रस्ता ओलांडतो, हँडपंपाकडे पाठ करतो आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहत थांबतो. ते माझ्या खांद्यावरून मागे पाहतात. कधी थोडा वेळ, कधी बराच.

"आज नाई आला," ते म्हणतात.

मग मी ओढतो.